तुळई दुरुस्त होण्यासारखी आहे

३ मार्च, रविवार

करारावर सह्या झाल्या. आधी धाकट्याने केली, मग मी, मग भावजयीने. तिच्या वेळी पेन चालेना. दुसरं मागायचं सोडून ती तेच झटकत बसली. शेवटी दलालाने आपल्या खिशातलं काढून दिलं.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आम्ही बांधत नाही, विकत घेतोय, पण तेही लिहून ठेवण्यासारखं असेल म्हणून ही नवी वही. पहिल्या पानावर ओळख असावी, म्हणून लिहिते. वय बावन्न. धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत एकोणतीस वर्षं प्लास्टर कालवते आणि मेणात दात बसवते. माणसाचं नाव विसरते, दात विसरत नाही. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते, धाकटा अकराचा. त्याला मी वाढवलं. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तिघं भाड्याच्या अडीच खोल्यांत राहतो.

घर दुमजली. खाली दोन खोल्या आणि मोठं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि न्हाणीघर. मालकांचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. करारात एक कलम आहे, पंधरा दिवसांत घर तपासून घ्यावं, पटलं नाही तर लेखी कळवून मागे फिरावं, विसार परत मिळेल. दलाल म्हणाला, "त्या कलमाची गरज पडत नाही कोणाला." त्याचे समोरचे दोन्ही दात बसवलेले आहेत. काम बरं आहे.

४ मार्च, सोमवार

दुपारी टेप घेऊन परत गेले आणि ओट्याची मापं घेतली. घरी येऊन कागदावर स्वयंपाकघर काढलं, डबे कुठे, भांडी कुठे, सगळं. भावजयीला दाखवलं.

"कसं वाटतं?"

"छान आहे."

"मसाल्यांचं कपाट खिडकीजवळ की दाराजवळ?"

"तुम्ही म्हणाल तिथे, ताई."

दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी आहे तिची. बोलून बोलून घरी येईपर्यंत शब्द संपतात बिचारीचे. मी समजून घेते.

६ मार्च, बुधवार

तपासणी झाली. एवढा मजेचा दिवस कित्येक वर्षांत गेला नव्हता.

तपासनीस म्हणून कोणी मिशीवाला येईल असं वाटलं होतं. आली तिशीची एक बाई, पायांत जाड बूट, पाठीवर पिशवी. पुढच्या दोन दातांत फट. आधी घराला बाहेरून दोन फेऱ्या मारल्या, एक शब्द न बोलता. मी मागोमाग.

"तुम्ही आत बसा हवं तर," ती म्हणाली.

"बसायला मी आले नाही," मी म्हटलं.

मग तिने नाद सोडला आणि मला टॉर्च धरायला दिला. तिच्याकडे भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र आहे, दोन टाचण्या रोवल्या की आकडा दिसतो. गटारात सोडायचा कॅमेरा आहे. लाकडी मूठ असलेली एक छोटी हातोडी आहे, त्या हातोडीने ती फरशी ठोकत जाते आणि मान तिरकी करून ऐकते. मी विचारलं, काय ऐकता. म्हणाली, "खाली जागा पोकळ असली की आवाज सैल येतो." मीही ठोकून पाहिलं. चौथ्या फरशीपासून मला कळायला लागलं. हिरडी सुटलेल्या दातावर टिचकी मारली की असाच आवाज येतो. हे तिला सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं.

खालच्या मागच्या खोलीत मात्र मी तिच्या पुढे गेले. न्हाणीघर बरोब्बर त्या खोलीच्या डोक्यावर येतं. तिथे छताजवळचा कोपरा मला बाकीच्या भिंतीहून वेगळा वाटला. रंग एकच, हात एकच, पण तरी. स्टुलावर चढून गाल टेकवला. गार. ताजं प्लास्टर पाणी सोडत असतं तोवर गारच लागतं, हे मला कोणी शिकवायला नको.

"हा तुकडा महिन्याभरातला आहे," मी म्हटलं.

तिने टाचण्या रोवल्या, आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"कवळ्या."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवीतून मोठा टॉर्च काढला.

धाकटा चार वाजता येणार होता. फोन आला, लिफ्ट अडकलीय, जमत नाही. भावजयीला सुट्टी मिळाली नाही. त्यांचं हे सगळं हुकलं याचं वाईट वाटलं.

७ मार्च, गुरुवार

कामात लक्ष नव्हतं. एका आजोबांची वरची कवळी उलट्या साच्यात बसवत होते. त्या कोपऱ्याच्या आत काय असेल? तपासनीस बाईंचं म्हणणं, गिलावा उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उघडायला मालकांची परवानगी हवी. चष्मेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "शनिवारी या."

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला घर आवडलंय ना? मग एका कोपऱ्यासाठी कशाला उकरत बसायचं?" मी म्हटलं, उकरल्याशिवाय कळणार कसं. भावजय मात्र पटकन म्हणाली, "उकरू दे की त्यांना." माझी बाजू तिने पहिल्यांदाच घेतली असेल.

९ मार्च, शनिवार

भिंत उघडली.

आम्ही चौघं होतो. मी, तपासनीस बाई, चष्मेवाले आणि भावजय. तिने आज मुद्दाम सुट्टी घेतली होती. धाकट्याला काम निघालं. बाईंनी छिन्नीने चौकोन पाडला. वरचा थर पावासारखा सुटून आला. आत वरच्या मजल्याची तुळई भिंतीत शिरते ते टोक दिसलं. बाईंनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड काळं पडलं होतं, चुरा हातात घेतला तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखा लागला. मी वासही घेतला. मुळाशी किडलेला दात काढतात तेव्हा येतो त्याचा चुलत भाऊ.

चष्मेवाले दाराशी उभे होते. चष्मा काढून पुसायला लागले.

"न्हाणीघराची मोरी दोन वर्षं गळत होती," ते म्हणाले. "मोरी मी नीट करून घेतली. आत इतकं झालं असेल याची कल्पना नव्हती."

"पण गिलावा तर नवा केलात," मी म्हटलं.

"डाग दिसत होता."

"दिसू द्यायचा."

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाई. मी खोटं बोलणारा माणूस नाही."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस तसा वाईट नाही. डाग लपवताना त्याने रंग मात्र हुबेहूब मिळवला होता, तो कसा, एवढं मी विचारून घेतलं.

भावजय स्टुलावर चढली आणि तुळईकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तपासनीस बाईंना म्हणाली, "म्हणजे घर धोक्याचं आहे."

"पूर्ण पाहून सांगते," बाई म्हणाल्या.

परतताना भावजय भरभर चालत होती. तिला गाठायला मला गुडघ्यांची परीक्षा द्यावी लागली.

१० मार्च, रविवार

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, आमच्या नशिबी तर घर घेण्याआधीच. धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू." तुळया, खांब, वजन, सगळं त्याच्या रोजच्या कामातलं, पण एक प्रश्न विचारला नाही. बहुतेक फार लागलंय त्याच्या मनाला. दात पुन्हा खायला लागलाय. त्याचे सुळे पहिल्यापासून झिजलेले, आता तर सपाट झालेत.

सकाळी भावजय भांडी घासताना गुणगुणत होती. सहा वर्षांत तिचा गाण्याचा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मन खट्टू झालं की काही माणसं गुणगुणतात म्हणे. मी आत गेले तशी थांबली.

१२ मार्च, मंगळवार

अहवाल आला. एकोणीस पानं, फोटोंसकट. कवळ्यांचा असा अहवाल कोणी देत असता तर काय बहार आली असती. मी दवाखान्यातच वाचून काढला, डॉक्टरीणबाईंनाही दोन पानं वाचून दाखवली, त्यांनी न विचारता.

मुख्य वाक्य अकराव्या पानावर आहे: तुळई दुरुस्त होण्यासारखी आहे. कुजलेलं टोक कापायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बसवायच्या, खाली टेकू द्यायचा. दोन आठवड्यांचं काम. बाकी घर ठणठणीत.

धावत घरी आले. अहवाल टेबलावर ठेवून म्हटलं, "वाचा. सुटलो आपण."

धाकट्याने अकरावं पान वाचलं आणि मान हलवली. "हो. होतं हे दुरुस्त. आमच्याकडेही असंच करतात."

भावजयीने ते पान वाचलं. मग पहिल्यापासून सगळा अहवाल वाचला. मग पुन्हा अकरावं पान. "नक्की होतं?" तिने विचारलं. "पुन्हा नाही ना कुजणार? आणि दुसऱ्या तुळया? त्या सगळ्या पाहिल्या का त्यांनी?"

मी तिला एकेका फोटोवर बोट ठेवून समजावलं. तासभर बसलो होतो. या सगळ्यात तिला गोडी वाटायला लागली, बरं वाटलं.

१३ मार्च, बुधवार

चष्मेवाले स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून देणार. लेखी देतो म्हणाले. आता अडचण म्हणून काही राहिलीच नाही.

धाकट्याला संध्याकाळी दवाखान्यात बोलावून दातांचा साचा घेतला. झोपेत दात खातो त्यासाठी पट्टी करून देते. तोंडात माप असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, मीच बोलत होते. माप काढल्यावर त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "ताई, तू खूश आहेस ना?"

"मला काय, तुमचा संसार मार्गी लागला म्हणजे झालं."

"आमचा?"

"मग कोणाचा?"

तो काहीतरी बोलणार होता, पण पुढचा पेशंट आला.

१५ मार्च, शुक्रवार

तपासनीस बाईंना फोन केला, दुरुस्तीच्या वेळी मला पाहायला येता येईल का विचारायला. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळे चौकस आहात. तुमच्या भावजयीचेही दोन फोन येऊन गेले. छत, पाया, गटार, कशात काही मोठं निघण्याची शक्यता आहे का विचारत होत्या. मी म्हटलं, नाही, निर्धास्त राहा."

किती काळजी करते पोर. मला सांगितलंसुद्धा नाही. सोमवारी मुदत संपते, मग तिचाही जीव भांड्यात पडेल.

१६ मार्च, शनिवार

काय लिहावं कळत नाही. झालं ते झालं तसं लिहिते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भावजय माझ्या कामाच्या खोलीत आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी मेणात खालचे दात बसवत होते. तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "हे सगळे दात तुम्ही निवडता?" मी म्हटलं, हो, चेहरा पाहून. तिने ट्रेमधले दोन-चार हातात घेऊन पाहिले, परत जागेवर ठेवले.

"ताई, ती तुळई होईल दुरुस्त. मी तीनदा वाचलं," ती म्हणाली. "दुरुस्त न होण्यासारखं काहीतरी निघेल म्हणून मी वाट बघत होते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मला त्या घरात यायचं नाहीये. घर चांगलं आहे. तुम्हीही वाईट नाही. सहा वर्षांत एक शब्द टाकून बोलला नाहीत मला. पण माझ्या घरात मीठ कुठे ठेवायचं, हे एकदाही मी ठरवलेलं नाही."

"मी तुला विचारलं होतं. कपाट खिडकीजवळ की दाराजवळ."

"कागदावर तोवर काढूनही झालं होतं, ताई."

खरं होतं. कागद माझ्या पर्समध्येच होता.

मी विचारलं, त्याला सांगितलंस? तर म्हणाली, "कसं सांगू? तो म्हणतो, ताईने माझ्यापायी लग्न केलं नाही, शिक्षण सोडलं, तिला निदान एक घर द्यायचंय. रात्रपाळ्या धरतोय त्यासाठी. त्यावर मी काय बोलणार? बोलले की मी वाईट."

मेण गार होत होतं. मी ते पुन्हा दिव्यावर धरलं, हाताला काहीतरी हवं म्हणून.

"तुम्हाला हवंय का ते घर?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. हो म्हणणारच होते. पण डोळ्यांपुढे आलं ते सगळं उकरणं, ठोकणं, तो चुरा, तो अहवाल. त्या घरात सकाळी उठून मी काय करतेय, ते काही केल्या दिसेना. माझी म्हणून ठरवलेली खोली कोणत्या रंगाची आहे, तेही आठवेना. घरी आल्यावर ही वही चाळली. भिंतीवर चार पानं आहेत. माझ्या खोलीवर एक ओळ नाही.

तिला मी एवढंच म्हटलं, "तू त्याला काही बोलू नकोस. मी बघते."

मला राग आलाय का? थोडा. पण त्याहून जास्त वाटतंय ते हे की सहा वर्षं एका टेबलावर जेवलो आणि मला एवढंही कळू नये? कळण्यासारखं काही दिसतच नव्हतं, की मी पाहिलं नाही?

१७ मार्च, रविवार

जेवण झाल्यावर सांगितलं. "मला ते घर नको."

धाकटा बघतच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे नको. दवाखाना लांब पडतो. गुडघे दुखतात. आणि एकदा कुजलेलं लाकूड पाहिलं की मन बसत नाही."

"तूच तर म्हणालीस सुटलो आपण. ते स्वतःच्या खर्चाने करून देतायत. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही तुझा. आणि आता नको?" आवाज चढला होता त्याचा. "तुझ्यासाठी चाललंय हे सगळं, ताई."

"माझ्यासाठी कोणी सांगितलं होतं? मी तर तुझ्यासाठी म्हणून सही केली."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती टेबल पुसत होती, पुसलेलंच पुन्हा.

"तू काय म्हणतेस?" त्याने तिला विचारलं.

ती म्हणाली, "आपण दोघं आधी छोटं काहीतरी भाड्याने पाहू. ताईंच्या जवळच."

जवळच, हा शब्द तिने स्वतःहून घातला. मी सांगितलं नव्हतं.

"पण ताई एकटी..." धाकटा म्हणाला.

"एकटी म्हणजे काय? बावन्न वर्षांची बाई आहे मी. मला दात आहेत सगळे."

तो हसला नाही. पण रात्रपाळीला आज जाणार नाही म्हणाला, आणि भर दुपारी आडवा झाला तो थेट सहाला उठला. दात खाण्याचा आवाज नाही की काही नाही. पट्टी तर अजून दिलेली नाही. अंगात कणकण असेल.

१८ मार्च, सोमवार

मुदतीचा शेवटचा दिवस. पत्र मी लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. कारणाच्या जागी लिहिलं, तपासणीत तुळईचं टोक कुजलेलं आढळल्यामुळे. दलाल करवादला. चष्मेवाल्यांना टपालाने कळवता आलं असतं, पण मी दुकानात गेले.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मी करून देतो म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग खरं कारण काय?"

"पत्रात आहे ते."

बोलताना मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहू शकले नाही. दातांकडे पाहत होते. खालची दाढ बरीच गेलीय त्यांची, कधीतरी दुखेल. त्यांनी डाग झाकला म्हणून मी त्यांना सुनावलं होतं, आणि आता त्यांचंच दुकान, त्यांचाच काउंटर, आणि मी उभी. अहवाल मात्र तिथे ठेवून आले. म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच दाखवा, भिंत उघडीच ठेवा, चांगल्या किमतीला जाईल. त्यांनी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला. दाखवतील की नाही, कोण जाणे. दाढेचं सांगून आले.

२८ एप्रिल, रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. ती दोघं दवाखान्यापलीकडच्या इमारतीत गेली, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. जुनी आहे, पण धाकटा आहे. मी अडीच खोल्या सोडून एका खोलीची जागा घेतली, त्यांच्यापासून सात मिनिटांवर. भाड्याने घेण्याआधी तपासनीस बाईंना बोलावलं तर म्हणाल्या, भाड्याच्या खोलीला कोणी बोलावत नाही. तरी आल्या. हातोडी मलाच दिली.

काल भावजयीने जेवायला बोलावलं होतं. मीठ कुठे आहे ते मला सापडेना. शोधत होते तर ती म्हणाली, "थांबा, मी देते," आणि खिडकीखालच्या फळीवरून काढलं. दमट हवेत मीठ खिडकीपाशी ठेवू नये. मी बोलले नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं, ते पाण्याबरोबर गिळलं. नंतर विचारलं, नोकरीत दिवसभर काय काय तक्रारी येतात. तर बाई दोन तास बोलत होती. एका माणसाने सव्वीस वेळा फोन केला तो किस्सा ऐकून हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकी बोलते हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या शनिवारी तिला विचारायचं आहे की त्या माणसाचं अखेर काय झालं.

आज धाकटा माझ्याकडे फळी ठोकायला आला होता. एक फळी, चार स्क्रू. दहा वाजता आला. आधी भिंत पाहिली, मग नळ पाहिला, दाराची कडी पाहिली, गॅसची नळी बदलली, खिडकीला तेल घातलं. मग म्हणाला स्क्रू बरोबर नाहीत, आणि खाली जाऊन दुसरे आणले. ते आणल्यावर चहा घेतला. मग फळी लावली, ती तिरकी वाटली म्हणून काढली, पुन्हा लावली. निघताना दाराशी उभा राहून म्हणाला, पुढच्या रविवारी बिजागऱ्या पाहतो. बिजागऱ्यांना काहीही झालेलं नाही.

तासाभराचं काम, पाच वाजवले. हात सावकाश चालायला लागलाय त्याचा. भावजयीला सांगायला हवं, त्याला जरा विश्रांती घ्यायला लाव म्हणून.